दुखतं दंडात, दुखणं खांद्यात

हॉलमध्ये चार प्लॅटफॉर्म होते आणि चारही भरलेले. रबरी प्लेटा आदळल्या की वरचा पत्रा थरथरायचा आणि बोलणं तेवढ्यापुरतं थांबायचं. या गोंगाटात भिंतीकडेला एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी पांढरा पीव्हीसी पाइप दोन्ही हातांत रुंद धरून डोक्यावर नेत होती. पाइप वर, सावकाश खाली बसणं, थांबणं, उठणं. पुन्हा तेच. याच मुलीनं मागच्या हंगामात ७० किलोची स्नॅच मारली होती, म्हणजे तेवढं वजन जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर नेलं होतं.

"कंटाळा येत नाही का?" मी विचारलं.

"येतोय की. पण सर बघतायत."

संपादकांनी यंदा 'ओझं' हा विषय दिला, तेव्हा किलोत मोजता येणारं ओझं जे रोज आपणहून उचलतात त्यांच्याकडे जायचं मी ठरवलं. पदक आलं की वजन उचलणाऱ्यांवर भरभरून लिहिलं जातं. पण उचलता उचलता खांदा धरतो, दंड ठणकायला लागतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने हटत नाही, तेव्हा ही मुलं काय करतात? त्यांना कोण काय सांगतं? त्यातलं खरं किती? हे मला पाहायचं होतं.

सरांनी सुरुवातीलाच अट घातली. गावाचं, व्यायामशाळेचं, मुलीचं नाव लिहायचं नाही. कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, एवढं चालेल. मुलीचा खांदा दुखतो हे निवड चाचणीआधी चार लोकांना कळू नये, म्हणून ही अट. लेखासाठी मी हिंडत राहिलो, तेव्हा लक्षात आलं की जुनाट दुखापतींची मुळं बहुतेक वेळा याच अटीत असतात.

कुरुंदवाड, सांगली आणि एक किलो

हा भाग मूळचा तालमींचा, लाल मातीचा. त्यात लोखंडी बार कधी रुजला ते बाहेरच्यांना फारसं कळलं नाही. २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघांनी वेटलिफ्टिंगमध्ये कांस्यपदकं मिळवली. तिघंही कुरुंदवाडचे. एवढ्याशा गावात एकाच स्पर्धेतून तीन पदकं आली, तेव्हा आसपासच्या गावांतल्या आईबापांनी पोरांना, आणि नंतर पोरींनाही, व्यायामशाळेत धाडायला सुरुवात केली.

मग २०२२ ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा. सांगलीत पानाची टपरी चालवणाऱ्याचा मुलगा संकेत सरगर ५५ किलो गटात उतरला. स्नॅचमध्ये ११३ किलो, क्लीन अँड जर्कच्या, म्हणजे बार आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर नेण्याच्या, पहिल्या प्रयत्नात १३५. दुसऱ्या प्रयत्नात त्यानं बारवर १३९ लावले आणि ते वजन पेलताना उजवं कोपर दुखावलं. तरी तिसऱ्या प्रयत्नाला तो पुन्हा १३९ वरच आला. वजन गेलं नाही. त्याची बेरीज २४८ झाली, मलेशियाच्या अनिक कासदाननं शेवटच्या प्रयत्नात १४२ उचलून २४९ केली. एका किलोनं सुवर्ण हुकलं. पुढे सरकारच्या मदतीनं त्याच्यावर ब्रिटनमध्ये उपचार झाले.

मी गेलो त्या हॉलमधल्या प्रत्येक मुलानं तो व्हिडिओ पाहिलाय. त्यांना आठवतो तो तिसरा प्रयत्न. दुखावलेल्या हातानं पुन्हा बारकडे चालत जाणं. सरांचं म्हणणं वेगळं आहे. "ते त्या दिवशी ठीक होतं. देशाची स्पर्धा होती, सोन्याचा सवाल होता. पण ही पोरं मंगळवारच्या सरावालाही तेच करायला बघतात."

"काय नाही, सर"

मुलीची हकीगत तिनं स्वतः सांगितली. बोलताना उजव्या हातानं डावा दंड चोळत होती. त्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

पहिल्यांदा स्नॅच डोक्यावर धरताना डाव्या दंडाच्या बाहेरच्या बाजूला कळ आली. पडली नाही, आपटली नाही, काही 'कट्'कन वाजलं नाही. वॉर्मअप झाला की कळ जायची, म्हणून तिनं सोडून दिलं. मग त्या कुशीवर झोपलं की रात्री जाग यायला लागली. मग केस बांधताना दुखायला लागलं. सर विचारायचे, "काय गं, हात झटकतेस सारखा?" ती म्हणायची, "काय नाही, सर." हे सात महिने चाललं.

सात महिने का? तिच्या घरी दीड एकर ऊस आहे आणि धाकटा भाऊ आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, सैन्य या ठिकाणीही खेळाडूंना वाट असते. त्या वाटेवर प्रमाणपत्र लागतं, प्रमाणपत्रासाठी स्पर्धा लागते, स्पर्धेसाठी निवड. वयाची मर्यादा आहेच. या मुलीच्या हिशेबात एक हंगाम बुडणं म्हणजे घराचं एक वर्ष बुडणं. हे तिला कुणी शिकवलेलं नाही, तिला ते दिसतं. ती दुखणं लपवते त्याला मी हट्ट म्हणणार नाही.

पण लपवलेलं दुखणं शरीर आपल्या रीतीनं सांभाळत राहतं. डावा हात दुखतो म्हणून बार नकळत उजवीकडे झुकतो. कोपर किंचित वाकतं, पंच 'प्रेस आऊट' म्हणून लिफ्ट बाद करतात. बाद लिफ्ट भरून काढायला मुलगी आणखी सराव करते, त्याच खांद्यावर. तिच्या बाबतीत हेच झालं. एका जिल्हास्तरीय स्पर्धेत तिच्या स्नॅचच्या तीनही लिफ्ट बाद झाल्या, तेव्हा ती रडली आणि सरांना सगळं सांगितलं.

बशीवरचा चेंडू

सरांनी तिला मिरजेला नेलं. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशनचं रुग्णालय उभारलं तेव्हापासून या भागातला माणूस मोठ्या दुखण्याला मिरजेचीच वाट धरतो. तिथल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला खांदा समजावून सांगितला, हाडांचा सांगाडा समोर ठेवून. जांघेतल्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल उखळीत बसलेला असतो. खांद्यात उखळ नाहीच, बशीवर चेंडू ठेवावा तसा दंडाच्या हाडाचा गोळा नुसता टेकलेला. म्हणून हात एवढा सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच त्याला धरून ठेवायचं काम हाडांपेक्षा स्नायूंनाच जास्त करावं लागतं.

हे काम मुख्यतः चार लहान स्नायू करतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. खांद्यामागच्या फऱ्यापासून ते निघतात आणि त्यांच्या कंडरा गोळ्याला चहूबाजूंनी कवळून बसतात. मोठे स्नायू वजन ढकलत असताना गोळा जागेवरून हलू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. आरशात ते दिसत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

दुसरी गोष्ट मला नवी होती. हात सरळ डोक्यावर जातो तेव्हा साधारण १८० अंशांतले १२० खांद्याच्या सांध्यातून येतात आणि उरलेले ६० फरा बरगड्यांवरून सरकून वर फिरतो त्यातून. फरा फिरला नाही, किंवा पाठीचा वरचा भाग ताठलेला असला, तर उरलेला कोन खांद्यालाच ओढूनताणून भरून काढावा लागतो. रिकाम्या हातानं ते जमून जातं. ६० किलोचा बार घेऊन, रोज, शेकडो वेळा केलं की कंडरा कुरकुरायला लागते.

आणि ही कुरकुर खांद्यात ऐकू येत नाही! रोटेटर कफचं दुखणं बहुतेकदा दंडाच्या बाहेरच्या बाजूला, अगदी कोपराच्या दिशेनं उतरलेलं जाणवतं. या मुलीच्या आजीनं महिनाभर तिच्या दंडाला तेल चोळलं ते यामुळेच. दुखणारी जागा आणि बिघडलेली जागा वेगळी असते, हे सांगणारं गावात कुणी नव्हतं.

सगळी दंडदुखी खांद्यातूनच येते असंही नाही. मानेतली नस दबली तरी कळ दंडात उतरते. पन्नाशीच्या माणसाला डाव्या हातात कळ आणि घाम फुटला तर आधी हृदय तपासायचं. आणि वजन उचलताना 'फट्' असा आवाज होऊन बेटकुळीचा गोळा खाली सरकलेला दिसला, छातीजवळ काळंनिळं झालं, हात एकाएकी उचलेनासा झाला किंवा खांदा निखळला, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जायला हवं. त्यात घरगुती प्रयोगांना जागा नाही.

चोळणं, शेकणं, सुई

मिरजेला पोहोचण्याआधी हा खांदा कुठे कुठे जाऊन आला होता ते ऐकण्यासारखं आहे. आजीचं तेल झालं. मग शेजारच्या गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे. त्यानं 'शिरेवर शीर चढलीय' म्हणून हात पाठीमागे ओढला. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी दुप्पट दुखलं. मग मेडिकलमधून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या. त्या तिनं सरावाआधी खायला सुरुवात केली, आणि हे मला सगळ्यात धोक्याचं वाटलं. गोळीनं पोट बिघडतं, मूत्रपिंडांवर ताण येतो, ते आहेच. शिवाय थांबायला सांगणारी कळच दबून जाते.

तालमीतल्या मालिशीला मी नावं ठेवणार नाही. जाणत्या हाताची मालिश आखडलेला स्नायू सैल करते, झोप लागते, मन हलकं होतं. पण मालिशीनं कंडरेची ताकद वाढत नाही. आणि सुजलेल्या सांध्याला हिसका देणं ही तर मालिशच नव्हे.

सुई म्हणजे स्टेरॉइडचं इंजेक्शन. त्यानं काही आठवडे आराम पडतो, हे खरं. पण ते वारंवार घेतलं तर कंडरा कमजोर होण्याची भीती असते. खेळाडूंसाठी त्यात आणखी एक फास आहे. १ जानेवारी २०२२ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं स्पर्धेच्या काळात अशी सर्व इंजेक्शनं निषिद्ध यादीत घातली आहेत. सांध्यात दिलेलंही त्यात आलं. गावातल्या डॉक्टरानं सद्‌भावनेनं सुई द्यावी, मुलीनं चार दिवसांनी स्पर्धेत उतरावं आणि नमुना सदोष निघावा, असं होऊ शकतं. मी भेटलेल्या मुलांपैकी कुणालाच हे माहीत नव्हतं.

बर्फाचंही ऐका. १९७८ साली अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि हात-पाय उंच ठेवणं, असं चार गोष्टींचं सूत्र सांगितलं. ते जगभर पाठ झालं. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे बरं होणं लांबू शकतं. सूत्र गावोगाव पोहोचलं. दुरुस्ती अजून वाटेत आहे.

हाड घासतं, असं समजत होते

खांद्याच्या दुखण्यावर बराच काळ राज्य केलं ते एका कल्पनेनं. १९७२ साली अमेरिकन सर्जन चार्ल्स नीर यांनी मांडलं की हात वर जाताना फऱ्याचं पुढे आलेलं टोक कंडरेवर घासतं आणि त्यातून सगळं बिघडतं. उपाय सरळ होता, ते टोक थोडं तासायचं. दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया सोपी झाल्यावर ती लाखो लोकांवर झाली.

मग ब्रिटनमध्ये काही डॉक्टरांनी धाडसाचा प्रयोग केला. ३१३ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचं हाड खरोखर तासलं, दुसऱ्याच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून पाहिलं, तिसऱ्याला काहीच केलं नाही. निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. खरी शस्त्रक्रिया झालेल्यांना खोटी शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा अधिक फायदा झाला नव्हता. हाड तासण्यानं काम होत असतं, तर असं दिसलं नसतं.

एमआरआयचाही असाच धडा आहे. १९९५ साली अमेरिकेत खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा त्यांतल्या ३४ टक्क्यांच्या कंडरा कमीअधिक फाटलेल्या दिसल्या. त्यात साठीच्या पुढची माणसं जास्त, तरुण अगदी थोडी. म्हणजे रिपोर्टमध्ये 'पार्शल टेअर' हे शब्द दिसले म्हणून दुखण्याचं कारण सापडलंच असं होत नाही. या मुलीच्या रिपोर्टमध्येही ते होते. घरात दोन दिवस चूल पेटली नाही, असं तिची आई म्हणाली. शस्त्रक्रियेचा खर्च कुठून आणायचा, याची बोलणी सुरू झाली होती.

मिरजेच्या बाईंनी सांगितलं, आधी बारा आठवडे नेमानं व्यायाम, मग बघू.

दहापैकी किती

या व्यायामाचं तत्त्व सांगायला सोपं आहे, पाळायला नाही. कंडरेला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती स्नायूपेक्षा सावकाश भरून येते. पूर्ण विश्रांती दिली तर तिची सोसण्याची ताकद घटते, आणि मुलगी महिन्यानं परत बारखाली गेली की तेच वजन आता जास्त जड पडतं. 'दोन महिने आराम केला, पहिल्याच दिवशी परत दुखलं' ही तक्रार मी इतक्यांकडून ऐकली, तिचं कारण हे आहे. वजनानं दुखावलेल्या कंडरेला बरं व्हायलाही वजनच लागतं. फक्त किती, ते तिच्या आजच्या कुवतीवर ठरवावं लागतं.

म्हणून सुरुवातीला नुसतं दाबून धरणं. कोपर अंगाला चिकटवून मूठ भिंतीवर बाहेरच्या दिशेनं दाबायची, अर्धा-पाऊण मिनिट. मग रबरी पट्टा ओढणं, मग एक-दोन किलोचा डंबेल तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली. बारवर लटकणं, फरा खाली-वर करणं, पाठीचा वरचा भाग मोकळा करणं. पुढे पाइप, मग रिकामा बार. मुलींचा बार १५ किलोचा असतो, मुलांचा २०. वेगानं वर फेकणं सगळ्यात शेवटी.

यात मोजमाप असतं दुखण्याचं. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं. आलं नाही तर काल जास्त झालं, आज कमी करायचं. व्यायाम थांबवायचा मात्र नाही. सरांनी त्यांच्या वहीत यासाठी नवा रकाना आखला आहे. आधी वहीत फक्त किलो लिहिलेले असत. आता प्रत्येक नावापुढे किलो, आणि त्यापुढे सकाळचा आकडा.

"सुरुवातीला सगळ्यांनी शून्य लिहिलं," सर म्हणाले. "पंधरा दिवस नुसती शून्यं. मग मीच माझ्या नावापुढे गुडघ्याचा पाच लिहिला. तेव्हा कुठं पोरं खरं लिहायला लागली."

या सरांविषयी मला फार आदर वाटला. त्यांच्याकडे फिजिओ नाही, मशीन नाही, सरकारी मानधन तुटपुंजं. तरी मुलांना खरं बोलता येईल अशी जागा त्यांनी हॉलमध्ये तयार केली.

शहरातल्या जिममध्ये असे सर भेटत नाहीत. तिथे चाळिशीकडे झुकलेला माणूस दिवसभर संगणकापुढे पोक काढून बसतो आणि संध्याकाळी बेंच प्रेसवर पडतो, कारण छाती आरशात दिसते. पाठीचं ओढण्याचं काम मागे राहतं. बेंच प्रेसच्या अतिरेकानं आणखी एक दुखणं येतं. गळ्याखालच्या हाडाचं खांद्याकडचं टोक झिजतं. १९८२ साली बर्नार्ड काहिल या अमेरिकन डॉक्टरांनी अशा ४६ पुरुषांची नोंद केली, त्यांतले ४५ वजन उचलणारे होते. यात दुखतं ते खांद्याच्या अगदी माथ्यावर, एका बोटानं दाखवता येईल अशा जागी. बार छातीपर्यंत न आणता वरच थांबवणं, पकड अरुंद करणं, डिप्स काही काळ सोडणं आणि जेवढं ढकलतो त्याहून जास्त ओढणं, एवढ्यानं पुष्कळांचं भागतं. जुन्या तालमीतले करेले आणि मुद्गल खांदा सगळ्या दिशांनी फिरवायला लावत. मिरजेच्या बाई हलकं मुद्गल आवर्जून देतात.

मीराबाईचे आकडे

मुलीच्या पलंगाजवळ मीराबाई चानूचं कात्रण चिकटवलेलं आहे. त्या चित्राखाली दोन आकडे लिहावेत असं मला वाटलं. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत मीराबाईनं क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलो उचलून जागतिक विक्रम केला. त्याच स्पर्धेत तिची स्नॅच होती ८६. जाणकारांचा ढोबळ हिशेब असा की स्नॅच ही क्लीन अँड जर्कच्या ८० टक्क्यांच्या आसपास असावी. ११९ ला ती ९५ च्या घरात हवी होती. मधले नऊ किलो कुठे गेले? त्याचं बरंचसं उत्तर खांद्यात होतं. दोन्ही बाजूंच्या स्नायूंचा तोल बिघडलेला होता. त्यासाठी ती २०२० साली अमेरिकेत आरन हॉर्शिग या फिजिओथेरपिस्टकडे गेली आणि तिथे तिला पायाभूत, हलकी, कंटाळवाणी वाटणारी कामं करावी लागली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिनं ८७ अधिक ११५ असं २०२ उचललं आणि रौप्य मिळवलं.

मीराबाईला अमेरिकेला जाता आलं ते तोवर ती जगज्जेती झालेली होती म्हणून. जिल्ह्याच्या पातळीवरच्या मुलीला मिरजेला जायला एसटीचं भाडं आणि बुडालेला दिवस मोजावा लागतो. राज्यात वेटलिफ्टिंगची एवढी केंद्रं उभी राहिली, कृष्णाकाठी आहेत, मनमाडला आहेत. अशा प्रत्येक केंद्रात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट बसवणं हा खर्च फार मोठा नाही. पदकानंतरच्या सत्कारांतून एखादा मंडप कमी केला तरी त्याची सोय होईल. हे मी पूर्ण गांभीर्यानं लिहितो आहे.

रविवारची चाचणी

निवड चाचणी रविवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी मुलीची आई व्यायामशाळेत आली. हॉलच्या दाराशीच उभी राहिली.

"सर, पोरगी म्हणतीया, दुखणं दोनवर आलंय. उतरू द्या की एकदा."

"ताई, दोनवर आलंय ते पाइप आणि तीस किलोवर. चाचणीला तिला पासष्ट मारावे लागतील."

"वरीस जाईल ओ."

सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वही आणून आईच्या हातात दिली आणि आकडे वाचून दाखवले. सप्टेंबरात सकाळी सहा, सात, सहा. ऑक्टोबरात पाच, चार, चार. या आठवड्यात दोन, दोन, तीन. "हे बघा, मंगळवारी तीन झालंय, आदल्या दिवशी मी पस्तीस लावले होते. खांदा सांगतोय अजून पस्तीसला तयार नाही म्हणून. पुढच्या चाचणीपर्यंत वय बसतंय तिचं, मी तपासलंय."

आईनं मुलीकडे पाहिलं. मुलगी प्लेटा रॅकला लावत होती, उजव्या हातानं.

रविवारी ती सरांबरोबर चाचणीला गेली, वॉर्मअपला दुसऱ्या मुलीच्या प्लेटा लावायला आणि प्रयत्नांचा हिशेब ठेवायला. तिच्या वजनगटात जी मुलगी निवडली गेली तिनं ६६ मारले. सोमवारी सकाळी वहीत या मुलीच्या नावापुढे ३० किलो आणि एक असा आकडा होता. सरांनी पुढच्या आठवड्यासाठी ३२ लिहिलं.